युद्धोत्तर काळात परकीय नागरिकांच्या मालमत्तेची मुक्तता : अमेरिकेतील जर्मन मालमत्तेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

युद्ध हे दोन राष्ट्रांत होते. परंतु त्याची झळ युद्धाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या व्यक्तींच्या घरादाराला, बँकेतील ठेवींना आणि व्यापारातील भांडवलालाही बसते. शत्रुराष्ट्रातील नागरिकांची आपल्या देशातील मालमत्ता युद्धकाळात शासनाने ताब्यात घ्यावी काय, हा प्रश्न बहुचर्चित आहे. त्या मानाने, युद्ध संपल्यानंतर ही मालमत्ता कोणाला, केव्हा व कोणत्या अटींवर परत करावी या प्रश्नाकडे इतिहास, राज्यशास्त्र व वाणिज्य या तिन्ही विद्याशाखांत कमी लक्ष दिले गेले आहे.

या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात आढळतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ताब्यात घेतलेल्या जर्मन मालमत्तेच्या मुक्ततेचा प्रश्न १९१७ पासून पुढे सुमारे वीस वर्षे तेथील कायदेमंडळ, न्यायालये व राजनैतिक वर्तुळे यांत गाजत राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची वाटचाल मांडून, मुक्ततेचा निर्णय वरकरणी युद्धानंतर होत असला तरी त्याची दिशा युद्धकाळातील कायद्यानेच ठरलेली असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. शत्रूची व्याख्या, ताब्याचे कायदेशीर स्वरूप आणि विक्रीची मुभा या तीन बाबी त्या दृष्टीने निर्णायक ठरतात. लेखाच्या अखेरीस दुसऱ्या महायुद्धानंतरचा अनुभव व भारतातील शत्रू मालमत्तेचा प्रश्न यांचा संक्षेपाने विचार केला आहे.

पूर्वपीठिका : खासगी मालमत्ता आणि युद्ध

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेत एक विचार हळूहळू दृढ झाला. युद्ध हे शासनांचे असते. म्हणून जमिनीवरील खासगी मालमत्तेला त्याची शिक्षा होऊ नये, असा तो विचार होय. अमेरिकेपुरते बोलायचे तर त्यामागे स्वानुभव होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात अमेरिकी वसाहतींनी ब्रिटिश राजनिष्ठांच्या जमिनी जप्त केल्या होत्या आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांची देणी थकवली होती. त्यातून निर्माण झालेले वाद युद्धानंतरही अनेक वर्षे मिटले नाहीत. ग्रेट ब्रिटनशी १७९४ साली झालेल्या जे तहाच्या दहाव्या कलमात, युद्ध वा राष्ट्रीय कलहाच्या कारणावरून एका देशाच्या नागरिकांची दुसऱ्या देशातील येणी, सरकारी रोखे अथवा बँकांतील पैसा अडकवून ठेवला जाणार नाही किंवा सरकारजमा केला जाणार नाही, असे तत्त्व नमूद करण्यात आले. अलेक्झांडर हॅमिल्टन याने या कलमाचे जोरदार समर्थन केले होते. परकीय व्यक्ती आपले धन दुसऱ्या देशात ठेवते ती त्या देशाच्या कायद्यावर विश्वास ठेवून. तो विश्वास मोडणे ही राष्ट्राच्या पतीची हानी होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता.

तथापि हे तत्त्व निरपवाद नव्हते. ब्राऊन विरुद्ध युनायटेड स्टेट्स या १८१४ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, शत्रूची मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिकार सार्वभौम सत्तेला आहे. दुसरी म्हणजे, केवळ युद्ध पुकारल्याने मालमत्ता आपोआप सरकारजमा होत नाही, त्यासाठी कायदेमंडळाने स्पष्ट कायदा करावा लागतो. अधिकार आहे, पण त्याचा वापर करावा की नाही हे कायदेमंडळाने ठरवायचे, ही भूमिका पुढील शतकभराच्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

१९१७ चा कायदा आणि अभिरक्षकाचे पद

अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ६ ऑक्टोबर १९१७ रोजी, ट्रेडिंग विथ द एनिमी ॲक्ट म्हणजेच शत्रूशी व्यापार करण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. या कायद्याने परकीय मालमत्ता अभिरक्षक हे पद निर्माण केले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ए. मिचेल पामर यांची या पदावर नेमणूक केली.

या कायद्यातील शत्रूची व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. ती प्रामुख्याने नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर व व्यवसायाच्या ठिकाणावर आधारलेली होती. जर्मनीत राहणारी व्यक्ती, मग ती कोणत्याही राष्ट्राची असो, कायद्याच्या दृष्टीने शत्रू ठरत होती. याउलट अमेरिकेत राहणारा जर्मन नागरिक, त्याला स्थानबद्ध केले नसल्यास, सामान्यतः शत्रू ठरत नव्हता. या व्याख्येमागील युक्तिवाद व्यवहार्य होता. शत्रूच्या भूमीवर असलेली संपत्ती व माणसे शत्रूच्या युद्धप्रयत्नाला उपयोगी पडतात, म्हणून ठिकाण महत्त्वाचे. पण याच व्याख्येमुळे युद्धानंतर अनेक गुंतागुंतीचे दावे उभे राहिले.

मूळ कायद्यात अभिरक्षकाची भूमिका विश्वस्ताची होती. शत्रूची मालमत्ता त्याने ताब्यात घ्यावी, तिचे व्यवस्थापन करावे, रोख रक्कम सरकारी कोषागारात ठेवावी आणि युद्धसमाप्तीपर्यंत ती सांभाळावी, अशी अपेक्षा होती. कायद्याच्या नवव्या कलमाने, आपण शत्रू नाही असे म्हणणाऱ्या दावेदाराला न्यायालयात जाण्याची मुभा दिली. शत्रूच्या दाव्यांविषयी बाराव्या कलमात मात्र एवढेच म्हटले होते की युद्ध संपल्यावर त्यांचा निकाल अमेरिकी काँग्रेस सांगेल त्याप्रमाणे लावला जाईल. या एका वाक्यात पुढील सर्व वादाचे बीज होते. शत्रूची मालमत्ता सरकारजमा झाली असे कायद्याने म्हटले नाही; ती परत मिळेल असेही म्हटले नाही.

विश्वस्तापासून विक्रेत्यापर्यंत

युद्ध जसजसे पुढे गेले तसतशी अभिरक्षकाची भूमिका पालटत गेली. अमेरिकेतील रसायने, रंग व औषधे या उद्योगांत जर्मन भांडवल व जर्मन पेटंट यांचे वर्चस्व होते. जर्मन उद्योगांची अमेरिकेतील ही ठाणी म्हणजे शत्रूच्या आर्थिक सैन्याच्या छावण्याच होत, ही पामर यांची भूमिका होती. २८ मार्च १९१८ रोजी कायद्यात दुरुस्ती होऊन अभिरक्षकाला ताब्यातील मालमत्ता विकण्याचे व्यापक अधिकार मिळाले. विक्री सर्वसाधारणपणे जाहीर लिलावाने व अमेरिकी नागरिकांनाच करावयाची होती. युद्धसमाप्तीच्या सुमारास अभिरक्षकाच्या ताब्यात ५० कोटी डॉलरहून अधिक किमतीची मालमत्ता होती आणि तिची विभागणी तीस हजारांहून अधिक स्वतंत्र विश्वस्त-खात्यांत केलेली होती.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. ठेव, रोखे किंवा जमीन जशीच्या तशी सांभाळली तर युद्धानंतर ती परत करता येते. पण कारखाना, व्यापारचिन्ह किंवा पेटंट एकदा विकले की परत करण्यासाठी उरते ती केवळ विक्रीची रक्कम. ती रक्कम वाजवी होती की नव्हती, यावर मुक्ततेचा अर्थ अवलंबून राहतो.

बायर कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बायर कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता १२ डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामानंतर एक महिन्याने, लिलावात विकली गेली. स्टर्लिंग प्रॉडक्ट्स या अमेरिकी कंपनीने ती ५३ लाख १० हजार डॉलरला विकत घेतली. तिच्याबरोबर बायर हे नाव वापरण्याचा अमेरिकेतील हक्कही गेला. जर्मनीतील मूळ कंपनीला अमेरिकेत हे नाव पूर्णपणे परत मिळाले ते १९९४ साली आणि तेही कोणत्याही मुक्ततेच्या कायद्याने नव्हे. स्टर्लिंगचा उत्तर अमेरिकेतील विनाचिठ्ठी औषधांचा व्यवसाय सुमारे १ अब्ज डॉलर मोजून विकत घेतल्यावर ते परत आले. युद्ध संपल्यानंतर विकलेली वस्तू पाऊण शतकानंतर बाजारातून विकत घ्यावी लागली, यावरून विक्रीच्या अधिकाराचे दूरगामी परिणाम लक्षात येतात.

दुसरे उदाहरण पेटंटांचे. पामर यांच्यानंतर अभिरक्षक झालेले फ्रान्सिस गार्व्हन यांच्या पुढाकाराने १९१९ साली केमिकल फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. चार हजारांहून अधिक जर्मन पेटंट या संस्थेला सुमारे अडीच लाख डॉलर एवढ्या किमतीत खासगी विक्रीने देण्यात आली. गार्व्हन हे या संस्थेचे अध्यक्षही होते. अमेरिकी उद्योगांना या पेटंटांचे परवाने देऊन देशी रसायन उद्योग उभा करणे हा या संस्थेचा घोषित हेतू होता. हा व्यवहार रद्द व्हावा म्हणून खुद्द अमेरिकी सरकारने १९२२ साली दावा दाखल केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली विक्री वैध ठरवली. पेटंट किती मोलाची होती यापेक्षा ती विकण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना कायद्याने दिला होता की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे महत्त्वाचा ठरला.

तहांची भूमिका : मालमत्ता हे तारण

२८ जून १९१९ च्या व्हर्साय तहाने या प्रश्नाला नवे वळण दिले. तहाच्या २९७ व्या कलमाने दोस्त राष्ट्रांना आपापल्या प्रदेशांतील जर्मन नागरिकांची मालमत्ता ठेवून घेण्याचा व तिची विक्री करण्याचा अधिकार दिला. त्यातून आलेली रक्कम जर्मनीविरुद्धच्या दाव्यांपोटी वळती करता येत होती. ज्या जर्मन नागरिकांची मालमत्ता अशा रीतीने गेली, त्यांना भरपाई देण्याची जबाबदारी जर्मनीवर टाकण्यात आली. कागदोपत्री पाहता ही सरकारी जप्ती नव्हती. खासगी मालकाला त्याच्याच सरकारकडून भरपाई मिळणार होती. प्रत्यक्षात १९२३ च्या भीषण चलनवाढीत जर्मन चलनाचे मोल नाहीसे झाले आणि या भरपाईला फारसा अर्थ उरला नाही.

अमेरिकी सिनेटने व्हर्साय तह नाकारला. त्यामुळे २ जुलै १९२१ च्या नॉक्स-पोर्टर ठरावाने अमेरिकेने युद्धस्थिती संपल्याचे जाहीर केले. जर्मनी अमेरिकी नागरिकांच्या दाव्यांची योग्य तरतूद करीत नाही तोवर जर्मन मालमत्ता अमेरिकेच्या ताब्यात राहील, असे या ठरावात नमूद होते. २५ ऑगस्ट १९२१ च्या बर्लिन तहाने जर्मनीने हे मान्य केले. अशा प्रकारे विश्वस्ताच्या ताब्यातील मालमत्ता आता तारण बनली. एका व्यक्तीची मालमत्ता तिच्या सरकारने केलेल्या हानीसाठी अडकवून ठेवायची, असा याचा अर्थ होता.

दाव्यांचा निवाडा करण्यासाठी १० ऑगस्ट १९२२ च्या कराराने संमिश्र दावे आयोग स्थापन झाला. त्यात एक अमेरिकी व एक जर्मन आयुक्त होता आणि मतभेद झाल्यास निर्णय देणारा पंच, जर्मनीच्या संमतीने, अमेरिकीच नेमला गेला. १९१५ साली बुडवल्या गेलेल्या ल्युसिटानिया या जहाजावरील मृतांच्या वारसांपासून ते मोठ्या विमा कंपन्यांपर्यंत अनेकांचे दावे या आयोगापुढे आले.

मुक्ततेचे टप्पे

अमेरिकी काँग्रेसने मालमत्ता एकदम मुक्त केली नाही. मुक्तता टप्प्याटप्प्याने झाली आणि प्रत्येक टप्प्यामागे एक वेगळा निकष होता.

पहिला टप्पा शत्रूच्या व्याख्येतील अन्याय दूर करण्याचा. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परकीयाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे अमेरिकी नागरिकत्व जात असे. जर्मन वा ऑस्ट्रियन पुरुषांशी युद्धापूर्वी विवाह करून तिकडे राहायला गेलेल्या, मूळच्या अमेरिकी स्त्रियांची माहेरकडून आलेली मालमत्ताही अभिरक्षकाने ताब्यात घेतली होती. १९२० च्या दुरुस्तीने अशा स्त्रियांना आपली मालमत्ता परत मागण्याचा मार्ग खुला केला.

दुसरा टप्पा रकमेच्या निकषाचा. ४ मार्च १९२३ च्या विन्स्लो कायद्याने प्रत्येक दावेदाराला १० हजार डॉलरपर्यंतची मालमत्ता परत देण्याची तरतूद केली. लहान ठेवीदार, विधवा, वारसा हक्काने थोडीशी रक्कम मिळालेले नातेवाईक अशांची असंख्य खाती यामुळे निकाली निघू शकली. मोठ्या मालमत्तांचे तारण शाबूत ठेवून लहान माणसाला मोकळे करायचे, असा हा व्यवहारी मार्ग होता. तारण म्हणून लहान खात्यांचा उपयोग नगण्य होता. त्यांच्या व्यवस्थापनाचा भार मात्र मोठा होता.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा टप्पा १० मार्च १९२८ च्या युद्धदावे निपटारा कायद्याचा. या कायद्याने जर्मन मालकांना त्यांच्या मालमत्तेचा ८० टक्के भाग परत देण्याचे ठरले. उरलेला २० टक्के भाग, मालकाची लेखी संमती घेऊन, तात्पुरता राखून ठेवायचा होता. युद्धकाळात अमेरिकेने घेतलेली जर्मन जहाजे, रेडिओ केंद्र व सरकारने वापरलेली पेटंट यांच्या भरपाईसाठी एक स्वतंत्र लवाद नेमला गेला व त्याच्या निवाड्यांना १० कोटी डॉलरची मर्यादा घालण्यात आली. राखून ठेवलेली रक्कम, सरकारी तरतूद आणि जर्मनीकडून येणारे हप्ते यांचा एकत्रित निधी करून त्यातून अमेरिकी दावेदारांना पैसे द्यायचे होते. त्यात मृत्यू व शारीरिक इजा यांच्या दाव्यांना अग्रक्रम होता. थोडक्यात, दोन्ही बाजूंच्या खासगी व्यक्तींनी काही काळ थांबायचे आणि दोघांनाही अखेर पूर्ण रक्कम मिळावी, अशी ही रचना होती.

या उदार धोरणामागे केवळ नीतिविचार नव्हता. महायुद्धानंतर अमेरिका हे जगातील प्रमुख धनको राष्ट्र बनले होते. अमेरिकी भांडवल परदेशांत मोठ्या प्रमाणावर गुंतले होते. युद्धात खासगी मालमत्ता सरकारजमा करण्याचा पायंडा पडला तर उद्या त्याचा फटका अमेरिकी गुंतवणूकदारांनाच बसेल, हे येल विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक एडविन बोर्चार्ड यांच्यासारखे विद्वान सातत्याने मांडत होते. तत्त्व आणि हित येथे एकाच दिशेने जात होते.

मुक्तता प्रक्रियेतील गैरव्यवहार

मालमत्ता मुक्त करण्याचा निर्णय ज्या अधिकाऱ्याच्या हाती असतो, त्याच्या दाराशी दलाल उभे राहतात. अमेरिकन मेटल कंपनीचे प्रकरण याचे ठळक उदाहरण होय. या कंपनीतील जर्मन मालकीचे समभाग अभिरक्षकाने विकले होते. त्या विक्रीची सुमारे ७० लाख डॉलरची रक्कम १९२१ साली, हे समभाग वस्तुतः एका स्विस संस्थेचे होते, या दाव्याच्या आधारे मुक्त करण्यात आली. जर्मन मालक शत्रू ठरत होता, स्विस मालक ठरत नव्हता. म्हणून मालकी स्विस असल्याचे सिद्ध करणे एवढेच पुरेसे होते. पुढे तपासात असे उघड झाले की हा दावा लवकर मंजूर व्हावा म्हणून चार लाख डॉलरहून अधिक रक्कम मध्यस्थांना दिली गेली होती. तत्कालीन अभिरक्षक थॉमस मिलर यांना १९२७ साली शासनाची फसवणूक करण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणाचा बोध व्यक्तीपुरता मर्यादित नाही. न्यायालयात उघडपणे सिद्ध करावयाचा हक्क आणि अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असलेली सवलत यांत फरक आहे. मुक्तता ज्या प्रमाणात दुसऱ्या प्रकारात मोडते, त्या प्रमाणात तिच्यात गैरव्यवहाराला वाव राहतो.

हक्क की कृपा : १९३४ चा ठराव व १९३७ चा निकाल

१९२८ च्या कायद्याची रचना जर्मनीकडून वेळेवर येणाऱ्या हप्त्यांवर अवलंबून होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने हे गणित बिघडले. जर्मनी हप्ते थकवू लागला. तेव्हा अमेरिकी काँग्रेसने २७ जून १९३४ रोजी ठराव करून, जर्मनी थकबाकीत असेतोवर जर्मन मालकांना द्यावयाच्या रकमा व मालमत्ता रोखून धरल्या.

१९२८ साली संमती देऊन २० टक्के भाग मागे ठेवलेल्या दावेदारांवर हा मोठाच आघात होता. डॉइश बँकेने या रोखण्याला न्यायालयात आव्हान दिले. कायद्याने एकदा परत देण्याचे कबूल केले असता, दुसऱ्याच्या थकबाकीसाठी ते मागे घेणे म्हणजे भरपाईशिवाय मालमत्ता हिरावणे होय, असा बँकेचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ साली कमिंग्ज विरुद्ध डॉइश बँक या खटल्यात तो फेटाळला. शत्रूची मालमत्ता ताब्यात घेताच तिची मालकी पूर्णपणे संयुक्त संस्थानांकडे आली होती. परत देण्याचा १९२८ चा निर्णय हा शासनाच्या औदार्याचा भाग होता आणि औदार्य मागे घेता येते, असा निकालाचा सारांश होता.

१९१७ साली कायद्याने ज्या अभिरक्षकाला विश्वस्तासारखे वागण्यास सांगितले, त्याच्या ताब्याचा अर्थ वीस वर्षांनी पूर्ण मालकी असा लावला गेला. दरम्यानच्या काळात बहुतांश मालमत्ता परत दिली गेली होती, हे खरे. परंतु ती हक्क म्हणून परत दिली गेली नव्हती. कायद्यात मुक्ततेचे वचन नसले की मालकाचे भवितव्य राजकीय वाऱ्यांवर अवलंबून राहते, हे या निकालाने अधोरेखित केले.

दुसरे महायुद्ध : धोरणातील पालट

दुसऱ्या महायुद्धात हे वारे पूर्णपणे उलट्या दिशेने वाहिले. ११ मार्च १९४२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अभिरक्षकाचे कार्यालय पुन्हा उभारण्यात आले. युद्धानंतर, ३ जुलै १९४८ च्या युद्धदावे कायद्याने जर्मनी, जपान व त्यांचे नागरिक यांची मालमत्ता परत न करण्याचे व तिच्यातून आलेला पैसा अमेरिकी युद्धकैदी व स्थानबद्ध नागरिक यांच्या भरपाईसाठी वापरण्याचे ठरवले. जपानच्या बाबतीत १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाच्या चौदाव्या कलमाने यास आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

या कठोर धोरणाला अपवाद करावा लागला तो पुन्हा शत्रूच्या व्याख्येमुळेच. नाझी राजवटीने छळलेले जर्मन ज्यू हे कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे रहिवासी होते. ज्यांचे स्वातंत्र्य वा प्राण त्याच राजवटीने हिरावले, त्यांची अमेरिकेतील मालमत्ता शत्रूची म्हणून ताब्यात राहावी, ही विसंगती उघड होती. १९४६ च्या दुरुस्त्यांनी अशा व्यक्तींना मालमत्ता परत देण्याची सोय केली. पण कित्येक कुटुंबांत दावा करायला कोणी उरलेच नव्हते. अशा बेवारस मालमत्तांसाठी १९५४ साली कायदा झाला व वारसदार म्हणून एका संस्थेला ३० लाख डॉलरपर्यंतची मालमत्ता देण्याची तरतूद केली गेली. प्रत्येक खात्याचा मालक कोण व तो छळाचा बळी होता काय, हे सिद्ध करण्यातच वर्षे गेली. अखेर १९६२ च्या कायद्याने ५ लाख डॉलरची ठोक रक्कम देऊन विषय संपवण्यात आला.

मुदत व चलनदर यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या बाबीही मुक्ततेत किती निर्णायक ठरतात, हे योकोहामा स्पेसी बँकेच्या ठेवीदारांच्या प्रकरणात दिसते. या जपानी बँकेच्या अमेरिकेतील शाखांत येनमधील ठेवी ठेवणारे अनेक जण अमेरिकेतच राहणारे जपानी वंशाचे लोक होते. त्यांना युद्धपूर्व दराने पैसे द्यावेत की युद्धोत्तर दराने, हा वाद झाला. युद्धापूर्वी एका डॉलरला चार-साडेचार येन मिळत. युद्धोत्तर अधिकृत दर ३६० येन होता. युद्धोत्तर दर लावला तर ठेव परत मिळूनही नाहीशी झाल्यासारखीच होती. त्यातच अनेकांची न्यायालयात जाण्याची ठरावीक मुदत उलटून गेली होती. होंडा विरुद्ध क्लार्क या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दराविषयीचा इतरांचा खटला प्रलंबित असेतोवर ही मुदत थांबलेली होती, असे मानून त्यांना दिलासा दिला.

सर्वांत मोठा वाद जनरल ॲनिलिन अँड फिल्म या कंपनीचा. १९४२ साली ताब्यात घेतलेल्या या कंपनीची मालकी जर्मन आय. जी. फार्बेनची की स्विस इंटरहांडेलची, यावर दोन दशके वाद चालला. स्वित्झर्लंडने हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. परंतु अमेरिकी न्यायालयांतील उपाय संपले नसल्याच्या कारणावरून १९५९ साली तो अर्ज दाखल करून घेण्यास नकार मिळाला. शेवटी तडजोड होऊन १९६५ साली कंपनीचे समभाग ३२ कोटी ९० लाख डॉलरला विकले गेले.

भारतातील संदर्भ

भारतीय वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानी नागरिकांची भारतातील मालमत्ता भारत संरक्षण नियमांन्वये भारताच्या शत्रू मालमत्ता अभिरक्षकाकडे निहित झाली. या कार्यालयाचा कारभार दीर्घकाळ मुंबईतून चालत असे. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणापत्रात, संघर्षाच्या संदर्भात दोन्ही बाजूंनी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याविषयी चर्चा करण्याचे मान्य झाले होते. भारत सरकारच्या निवेदनानुसार, पाकिस्तानने आपल्याकडील अशा मालमत्तांची १९७१ साली विल्हेवाट लावली. भारतात १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याने अभिरक्षकाचा ताबा पुढे चालू राहिला.

येथेही शत्रूची व्याख्या कळीची ठरली. महमुदाबादच्या राजांनी १९५७ साली पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. त्यांचा पुत्र मात्र भारतीय नागरिकच राहिला. पित्याच्या निधनानंतर वारस भारतीय असल्याने मालमत्ता शत्रूची राहत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला व ती परत करण्याचा आदेश दिला. २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने शत्रूच्या व्याख्येत भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही पूर्वलक्षी प्रभावाने समावेश करून या निकालाचा परिणाम पुसून टाकला. २०१८ मधील शासकीय माहितीनुसार पाकिस्तानी नागरिकांच्या ९,२८० व चिनी नागरिकांच्या १२६ स्थावर मालमत्ता अभिरक्षकाकडे होत्या. त्याखेरीज ९९६ कंपन्यांचे साडेसहा कोटींहून अधिक समभाग होते आणि ते विकण्याच्या कार्यपद्धतीला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी मान्यता दिली.

तथापि २०२४ साली, लखनौ महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की अभिरक्षकाकडे मालमत्ता निहित होणे म्हणजे केंद्र सरकार तिचे मालक होणे नव्हे. अभिरक्षक हा विश्वस्ताच्या भूमिकेत असतो. त्यामुळे केंद्राच्या मालमत्तेला असलेली करमाफी येथे लागू होत नाही. १९३७ च्या अमेरिकी निकालाशी तुलना करता हा निष्कर्ष वेगळा आहे. परंतु मूळ मालकाचा हक्क २०१७ च्या कायद्याने संपवला आहे. विश्वस्त आहे, पण ज्याच्यासाठी विश्वस्त राहायचे तो लाभार्थी कायद्याला मान्य नाही, अशी ही स्थिती आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. मालमत्ता मुक्त करण्याचा प्रश्न तहाच्या मेजावर नव्याने जन्माला येत नाही. युद्धकाळातील कायदा शत्रू कोणाला म्हणतो, यावर उद्या कोणाला दाद मागता येईल हे ठरते. ताबा विश्वस्ताचा की मालकाचा, हे त्याच कायद्यात स्पष्ट नसेल तर परत देणे ही कृपा बनते आणि कृपा थांबवता येते. विक्रीला मोकळीक दिली तर मुक्ततेच्या वेळी वस्तू उरत नाही, केवळ तिची किंमत उरते, आणि तीही युद्धकाळात ठरलेली.

दुसरे असे की, नागरिकाच्या मालमत्तेतून त्याच्या शासनाचे देणे वसूल करण्याच्या पद्धतीत, युद्धाचा निर्णय ज्याने घेतला नाही त्याच्यावर युद्धाचा खर्च पडतो. अमेरिकेने १९२८ साली दोन्ही बाजूंच्या खासगी व्यक्तींना न्याय देण्याचा जो मार्ग काढला, तो अपूर्ण राहिला तरी त्याची दिशा योग्य होती. लहान मालकांना आधी मोकळे करणे, दावे तटस्थ आयोगापुढे ठेवणे, राखून ठेवलेल्या भागासाठी मालकाची संमती घेणे ही त्याची अंगे आजही अनुकरणीय आहेत. त्यात कमतरता होती ती एकच : दिलेले वचन पुढच्या कायदेमंडळाला मोडता येणार नाही, अशी हमी त्यात नव्हती.

युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांत रशियन मालमत्ता गोठवली गेली आणि हा विषय पुन्हा जगाच्या चर्चेत आला. गोठवलेली मालमत्ता राखायची, वापरायची की परत द्यायची, या वादात शंभर वर्षांपूर्वीचे सर्व युक्तिवाद नव्या रूपात ऐकू येतात. अशा वेळी ताबा घेतानाच मुक्ततेच्या अटी स्पष्ट लिहिणे हाच, मालक व शासन या दोघांच्याही दृष्टीने, सर्वांत कमी हानीचा मार्ग आहे, हे या इतिहासाचे सांगणे होय.